गुन्ह्याचं भाकीत करणारी यंत्रणा कथेत उभी करताना: भ्रष्टाचार नेमका कुठून शिरतो

डिस्टोपियन कथेत गुन्ह्याचं भाकीत करणारी यंत्रणा आली की लेखक हमखास दोनपैकी एक चूक करतात. एक तर यंत्रणाच खलनायक होते: लाल दिव्यांचा सर्व्हर, थंड आवाज आणि शेवटी वायर उपटणारा नायक. नाहीतर सगळा दोष एका मंत्र्याच्या माथी जातो. तो बटण दाबतो आणि विरोधकाचं नाव यादीत येतं. दोन्ही प्रकारांत भ्रष्टाचार घडताना दिसत नाही, तो झाला असं फक्त सांगितलं जातं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकाला हे पटत नाही. कागद कसा सरकतो आणि कशाने अडतो हे त्याने नळजोडणीपासून वारसनोंदीपर्यंत पाहिलेलं असतं.

पुढची पद्धत ठाणे-नवी मुंबईच्या नजीकच्या भविष्यात घडणाऱ्या कथा-कादंबरीसाठी आहे. तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण आधी पात्र घेतात आणि मग यंत्रणा त्याच्याभोवती गुंडाळतात. त्यामुळे यंत्रणा कथानकाला हवं ते, हवं तेव्हा करते आणि वाचक सैल होतो. आधी यंत्रणा बांधा, तिची भोकं मोजा, मग त्या भोकांतून कोण ये-जा करील ते शोधा.

लिहायला बसण्याआधी

चार कागद तयार ठेवा. पहिल्यावर एका नावाचा प्रवास: ते यादीत कुठून आलं, कोणाच्या टेबलावर गेलं, कोणाची सही लागली, कुठे थांबलं. दुसऱ्यावर तुमच्या कथेच्या भागाचा नकाशा. तोही पूर्ण शहराचा नको, दोन नोड (नवी मुंबईतले वाशी, ऐरोलीसारखे उपनगरी भाग) किंवा एका पोलीस ठाण्याची हद्द पुरे. तिसऱ्यावर कायद्याची कलमं. चौथ्यावर दरपत्रक, म्हणजे कोणत्या कामाला किती पैसे आणि ते का. चौथा कागद लेखक टाळतात. तोच आधी भरायला घेतलात तर बाकीचे तीन आपोआप नेमके होतील.

सावधान: खरं पोलीस ठाणं आणि त्यातलं खरं पद एकत्र वापरू नका. ‘अमुक ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक’ म्हटलं की त्या खुर्चीवरचा जिवंत माणूस ओळखता येतो. हद्द खरी ठेवा, ठाणं काल्पनिक घ्या. नवी मुंबईत हे सोपं आहे, वाढीव सेक्टर नंबर दिला की काम होतं.

टप्पा १: भाकीत जागेचं की माणसाचं, ते ठरवा

जगात प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या यंत्रणा ढोबळमानाने दोन जातींच्या आहेत. पहिली जागेचं भाकीत करते. अमेरिकेतल्या ‘प्रेडपोल’ने शहराचे ५०० फूट बाय ५०० फुटांचे चौकोन पाडले आणि आज गस्त कुठे घालायची ते सांगितलं. दुसरी माणसाला गुण देते. शिकागो पोलिसांच्या यादीत ० ते ५०० गुण असत आणि अटक होऊन बोटांचे ठसे घेतलेल्या जवळजवळ ४ लाख लोकांना ते लावले गेले होते.

दोन्ही एकाच कथेत कोंबू नका, कारण दोन्हींतला भ्रष्टाचार निराळा आहे.

जागेच्या यंत्रणेत विकली जाते ती गस्त. चौकोन लाल झाला की तिथल्या टपऱ्या, हातगाड्या, बार यांच्यावर रोज नजर. चौकोन हिरवा ठेवायचा दर असतो, आणि लाल करून घेण्याचाही. घोडबंदर रोडवर नवा टॉवर विकायला काढणाऱ्याला आपला चौकोन हिरवा हवा असतो. किसननगरसारख्या जुन्या, धोकादायक इमारतींच्या भागात पुनर्विकासाला नकार देणाऱ्या भाडेकरूंची गल्ली वर्षभर लाल राहिली, तर कोणाचं भलं होईल याचा विचार करा. इथे एकाही माणसावर आरोप होत नाही, म्हणून कोर्टात जाणं कठीण होतं.

माणसाच्या यंत्रणेत विकलं जातं ते नाव. याचे दोन व्यवहार: नाव काढणं आणि नाव घालणं. दुसऱ्याचा दर जास्त ठेवा आणि गिऱ्हाईक शेजारी, भाऊबंद किंवा सोसायटीचा माजी सेक्रेटरी ठेवा. राजकीय विरोधक फार वापरून झाला आहे.

तपासा: तुमची यंत्रणा नेमकं काय छापते? चौकोन, गुण की नाव? एका वाक्यात सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: आकडे मांडा, मगच पानं लिहा

‘यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे’ हे वाक्य अशा प्रत्येक कथेत येतं आणि बहुतेक लेखक ते गणित करून पाहत नाहीत. करून पाहा.

कथेतलं शहर १० लाखांचं. पुढच्या वर्षभरात गंभीर हिंसक गुन्हा करतील अशी माणसं १,००० धरू. यंत्रणा अशा शंभरांपैकी ९९ पकडते आणि निरपराध शंभरांपैकी फक्त एकावर चुकून बोट ठेवते. म्हणजे खरे ९९० सापडले. निरपराध उरले ९,९९,०००, त्यांतले एक टक्का म्हणजे ९,९९०. यादी झाली १०,९८० नावांची आणि तिच्यात बरोबर नावं शंभरात नऊ. यंत्रणा थोडी कमी चांगली घ्या, ९० टक्के पकडणारी आणि ५ टक्के चुकणारी. यादी ५०,८५० नावांची होते आणि त्यात खरे ९००, शंभरात दोनही नाहीत. मंत्री पत्रकार परिषदेत ‘९९ टक्के’ म्हणतो तेव्हा तो खोटंही बोलत नसतो.

आता पुढचं गणित, जे कथेच्या जास्त कामाचं आहे. १०,९८० नावं, शहरात २० पोलीस ठाणी, म्हणजे प्रत्येकी ५४९. बंदोबस्त, मोर्चे, दहीहंडी, कोर्टाची हजेरी वजा जाता या कामाला दहा अंमलदार मिळाले तर प्रत्येकी ५५ नावं. एवढ्यांच्या घरी कोणी जाऊ शकत नाही. मग निवड होते: आज कोणाकडे जायचं, कोणाकडे पुढच्या महिन्यात. ही निवड यंत्रणा करत नाही, माणूस करतो, आणि तिची नोंद कुठेच होत नाही. पहिला पैसा इथे.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट क्लिटगार्ड यांचं भ्रष्टाचाराचं सूत्र लेखकांना फार उपयोगी आहे: मक्तेदारी अधिक मर्जीचा अधिकार, वजा जाब देण्याची सक्ती. प्रत्येक प्रसंगाला हे लावून पाहा. मक्तेदारी, मर्जी किंवा जाब नसणं, यांपैकी एकही सापडलं नाही तर त्या प्रसंगात लाच नैसर्गिकपणे येणार नाही, ओढून आणावी लागेल.

टप्पा ३: कायद्याचा दरवाजा शोधा

इथे सर्वाधिक वेळ द्या. ‘२०३५ साली सरकारने भावी गुन्हा कायदा आणला’ असं एक वाक्य टाकून लेखक मोकळे होतात. त्याची गरजच नाही. घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा न देता, घडू शकणाऱ्या गुन्ह्यासाठी माणसाला अडवणारे कायदे आपल्याकडे चालू आहेत. यंत्रणेचा गुण त्यांच्या फाइलीत एक जोडपत्र म्हणून लागला की काम झालं.

सगळ्यात खालचा दरवाजा म्हणजे चॅप्टर केस. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १०७ आणि ११० ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९ झाली. शांतता राखीन किंवा नीट वागेन असा बंधपत्रावर करार द्यावा लागतो, १२६ खाली एक वर्षापर्यंत, सराईत गुन्हेगार ठरवलात तर १२९ खाली तीन वर्षांपर्यंत. जामीनदार मिळाला नाही तर आत. दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी वॉरंटशिवाय अटक करण्याचं जुनं १५१ आता १७० आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे काम विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून पोलीस खात्यातलाच अधिकारी करतो. प्रस्ताव पाठवणारं खातं आणि ऐकून घेणारं खातं एकच. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही आयुक्तालयं आहेत. ग्रामीण भागातली कथा असेल तर मात्र तहसीलदार येतो आणि सगळी पात्ररचना बदलते.

त्याच्या वर तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५६. जास्तीत जास्त दोन वर्षं. आदेश बहुधा ‘ठाणे, मुंबई, मुंबई उपनगर, रायगड जिल्ह्यांतून’ असा निघतो. म्हणजे ऐरोलीचा माणूस नाशिक किंवा पुण्याकडे फेकला जातो आणि नोकरी, मुलांची शाळा, आईचं डायलिसिस सगळं इथेच राहतं. ‘भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत’ हा या कलमाचा एक आधार, म्हणून फाइलीत गोपनीय साक्षीदारांचे इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड घेतलेले, जबाब असतात. नावं नाहीत, तारीख मोघम. कलम ५९ ची नोटीस येते तीही आरोपांचं ‘सर्वसाधारण स्वरूप’ सांगणारी. अपील राज्य सरकारकडे, ३० दिवसांत. आदेश मोडून परत आलात तर तो स्वतंत्र गुन्हा, आणि त्या गुन्ह्याने तुमचा गुण पुन्हा वाढतो.

सगळ्यात वर एमपीडीए, धोकादायक ठरवलेल्या माणसांना खटल्याशिवाय डांबण्याचा १९८१ चा कायदा. त्यात बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता.

आता यंत्रणा आत आणा. गोपनीय जबाबाच्या जागी गुणपत्रक ठेवा. साक्षीदाराची उलटतपासणी निदान कल्पनेत तरी शक्य होती, गुणपत्रकाची नाही. कथेतला पोलीस अधिकारी यंत्रणेवर खूश का असतो, तर ती अचूक आहे म्हणून नव्हे. पूर्वी दोन माणसं जबाबाला तयार करावी लागत, आता प्रिंट काढावी लागते.

सावधान: केवळ गुणावरून थेट अटक दाखवू नका. गुण, मग अहवाल, मग नोटीस, मग सुनावणी, मग आदेश. प्रत्येक पायरीवर एक सही आहे आणि प्रत्येक सहीला उशीर करता येतो. आदेशापेक्षा उशीर जास्त वेळा विकला जातो.

तपासा: तुमच्या नायकाविरुद्ध कोणतं कलम आहे? त्याची मुदत किती? अपील कुठे? तीन उत्तरं नसतील तर वकील वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

टप्पा ४: माहिती कुठून येते, ती कुठे कुजते

यंत्रणा शहर पाहत नाही, शहराची दफ्तरं पाहते. दफ्तरात जे खोटं आहे ते तिच्यासाठी खरं.

पहिलं दफ्तर गुन्ह्यांचं. लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला तरी अनेकदा ‘गहाळ’ अशी नोंद होते. मारामारी अदखलपात्र म्हणून एनसीत जाते. जिथे पोलीस ठाण्याचे आकडे चांगले दिसायला हवेत तिथे गुन्हे कमी नोंदले जातात, जिथे ‘कारवाई’ दाखवायची तिथे जास्त. हा भ्रष्टाचार यंत्रणेच्या आधीपासूनचा आहे. यंत्रणा त्याला फक्त कायम करते.

दुसरं, फेरा. २०१६ साली ओकलंड शहरावर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की अमली पदार्थांचा वापर शहरभर पसरलेला असताना नोंदलेली कारवाई काही वस्त्यांतच एकवटली होती. जागेचं भाकीत करणारी पद्धत त्या नोंदींवर चालवली तर ती पुन्हा त्याच वस्त्यांकडे पोलीस पाठवते, तिथे पुन्हा नोंदी होतात. कथेत हे समजावून सांगू नका. दिघ्यात राहणाऱ्या मुलाला महिन्यात चार वेळा अडवलं जातं आणि पाम बीच रोडवर त्याच वयाच्या मुलाला एकदाही नाही, एवढं दाखवा.

तिसरं दफ्तर सर्वांत जुनं आणि मराठी लेखकाने कधीच विसरू नये असं. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण त्यानंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्यांत तीच आडनावं चालू राहिली. ही पानं संगणकावर चढवली की जात नावाचा रकाना काढून टाकला तरी आडनाव, वस्ती आणि नातेवाईक मिळून तो पुन्हा तयार होतो. यंत्रणेत ‘जातीचा रकाना नाही’ असं शपथपत्र देणारा अधिकारी तुमच्या कथेत हवाच.

नवी मुंबईपुरत्या तीन जागा खास आहेत.

गावठाण. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या सेक्टरमध्ये पत्ता स्वच्छ असतो: सेक्टर, प्लॉट, इमारत, खोली. त्याच सेक्टरला लागून जुनं गाव असतं. तिथली प्रकल्पग्रस्तांनी वाढवलेली घरं, घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळायचे साडेबारा टक्क्यांचे अडलेले भूखंड, ‘मंदिरामागे’ असा पत्ता. पत्ता जुळला नाही की ‘राहण्याचं ठिकाण अस्थिर’. ज्यांची जमीन घेऊन शहर उभं राहिलं तेच यंत्रणेच्या नजरेत बेपत्ता.

नावं. आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर पुन्हा पुन्हा येतात, आणि एकाच गावात तेच नाव, वडिलांचंही तेच नाव असलेले दोघे भेटणं नवल नाही. रोमन लिपीत एकाच नावाची चार स्पेलिंगं होतात. दोन माणसं एक होतात किंवा एक माणूस दोन. हे जुळवण्याचं काम कंत्राटी डेटा ऑपरेटर करतो आणि त्याची किल्ली फार मोठी असते.

बाजार. तुर्भ्याच्या एपीएमसीत भाजीचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. माथाडी, टेम्पोचालक, चहावाले यांची सगळी ये-जा रात्रीची. ‘रात्री एक ते चार नियमित हालचाल’ या खुणेला यंत्रणेने गुण लावले तर अख्खा बाजार संशयित.

आता कॅमेरे, कारण इथे लेखक हमखास ढोबळ राहतात. ४ मेगाबिट प्रति सेकंद वेगाने नोंद करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो, ३० दिवसांत जवळपास १.३ टीबी. हजार कॅमेऱ्यांना १,३०० टीबी. निविदेत ४ मेगाबिट लिहायचे, प्रत्यक्षात २ वर चालवायचे, म्हणजे निम्म्या डिस्क लागल्याच नाहीत आणि बिल पूर्ण. ही चोरी कोणाच्या डोळ्यांत येत नाही, कारण दिवसा चित्र ठीक दिसतं. रात्री, पावसात, गाडीच्या उजेडात चेहरा पुसट होतो. तुमच्या नायकाची ‘मी तिथे नव्हतो’ ही साक्ष त्याच पुसट चेहऱ्यात अडकलेली ठेवा. निविदेतली चोरी आणि माणसाची अटक यांच्यातला हा धागा वाचकाने स्वतः जोडावा.

कॅमेऱ्यांची घड्याळंही तपासा. मध्यवर्ती वेळेशी जोडलेली नसतील तर काही महिन्यांत ती मिनिटांनी सरकतात. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याहून वाशी अर्ध्या तासाच्या आसपास. घणसोलीचा कॅमेरा सात मिनिटं पुढे असेल तर एक माणूस अशक्य वेगाने धावलेला दिसतो, आणि ‘अशक्य हालचाल’ यंत्रणेला संशयास्पद वाटते.

सावधान: वाशी आणि ऐरोली नाक्यावर नायकाची कार टोलच्या पावतीवरून पकडू नका. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलमाफी आहे. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा चालेल, पावती नाही.

टप्पा ५: दरपत्रक लिहा

आता चौथा कागद. दर माणसाच्या नुकसानावरून ठरतो, लाच घेणाऱ्याच्या पदावरून नाही. तडीपारीत बुडणारी दोन वर्षांची कमाई म्हणजे वरची मर्यादा. तेवढे कोणी मागत नाही. मागतात ते पुढची सुनावणी लांबवण्याचे, आणि पुन्हा पुन्हा.

गुण कोणी बदलत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. गुण बदलला की नोंद राहते. बदलतात ती गुणाखालची माहिती: पत्त्याची जुळणी, मोबाइल नंबर कोणाशी जोडला, कोणत्या जुन्या गुन्ह्यात ‘सोबत’ म्हणून नाव. कारवाईच्या यादीत येण्याची सीमारेषा ४०० ची असेल तर ४०५ वाल्याला वाचवायला एक नातं तोडणं पुरतं. ९० गुणांच्या माणसाला कोणी हात लावत नाही आणि ४९० वाल्याला कोणी वाचवत नाही. सगळा धंदा ३८० ते ४२० या पट्ट्यात. कथा याच पट्ट्यातल्या माणसाची हवी.

सीमारेषा हलवण्याचा अधिकार कोणाकडे, हेही लिहून काढा. ४०० ची ३८० केली की एका रात्रीत हजारो नवी गिऱ्हाइकं. तो निर्णय परिपत्रकाने होतो, त्यात बेकायदा काही नसतं.

घेणारे कोण? आयुक्तांना कथेच्या बाहेर ठेवा. कंत्राटी ऑपरेटर, देखभाल करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, फाइल सांभाळणारा कारकून, बीट अंमलदार आणि ‘झिरो’, म्हणजे खात्यात नसलेला पण पोलिसांसाठी वसुली करणारा माणूस. ऑपरेटरला कंपनी पगार चार महिने उशिरा देते, ही बारीक गोष्ट त्याच्या हव्यासापेक्षा जास्त काम करते. निविदेचा मोठा पैसा वर निराळा फिरतो: पात्रतेच्या अटी एकाच कंपनीला बसतील अशा बेतणं, आणि मग देखभालीचं कंत्राट दरवर्षी वाढवणं. तो एका परिच्छेदात आटपा. वाचकाला तो ठाऊक आहे.

यादीतल्या माणसाचा छळ कसा दिसतो? फ्लोरिडाच्या पास्को काउंटीत यादीतल्यांच्या घरी पोलीस वारंवार जात आणि वाढलेलं गवत, घरावर नसलेला क्रमांक अशा कारणांवरून दंड लावत. २०२० साली वर्तमानपत्राने हे उघड केलं. आपल्याकडे गवत नाही. भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात दिली नाही, गाडीची पीयूसी संपली, दुकानाची पाटी फुटपाथवर आली, गणपतीच्या मांडवाची परवानगी. प्रत्येक गोष्ट कायदेशीर आणि प्रत्येक गोष्टीत तोडपाणी शक्य.

संवाद लिहिताना धमकी नको. ‘तुझं भविष्य आता आमच्या हातात आहे’ असं कोणताही हवालदार बोलत नाही. तो असं बोलेल:

‘नाव आलंय भाऊ तुमचं. आमच्याकडून नाही, वरून. मशीनचं आहे ते.’
‘पण साहेब, मी काय केलं?’
‘केलं काहीच नाही, तेच तर. पत्त्याचं काहीतरी जुळत नाही म्हणे. एक मुलगा आहे ओळखीचा, बघतो तो. उद्या या, आधार घेऊन या.’

पैशाचा उल्लेख नाही, तरी रक्कम ठरली.

तपासा: प्रत्येक लाचेला विचारा, या पैशाने नेमका कोणता रकाना बदलला? उत्तर ‘सिस्टिममध्ये सेटिंग केलं’ असेल तर पुन्हा लिहा.

टप्पा ६: दाद मागण्याचा रस्ता आणि त्याचं घड्याळ

नायक लगेच पत्रकाराकडे किंवा हॅकरकडे जातो, हा आळस आहे. त्याला आधी सरकारी रस्त्याने जाऊ द्या, कारण तिथलं कॅलेंडरच कथानक चालवतं.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तुमच्या यंत्रणेत ३० दिवस ठेवा, त्यानंतर त्यावर नवं चढतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत ३० दिवस. नोटीस हाती पडायला आठवडा गेला तर उत्तर येईपर्यंत चित्रण पुसलं गेलेलं असतं. कोणी पुसलं नाही, कोणी नियम मोडला नाही. उत्तरात कलम ८(१)(घ) म्हणजे व्यापारी गोपनीयता, किंवा ८(१)(ज) म्हणजे तपासात अडथळा. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. तोवर कलम ५९ च्या सुनावणीची तारीख कधीच होऊन गेलेली.

चित्रण मिळालंच तर कोर्टात ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही आणि त्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक) भरावी लागते. प्रमाणपत्र देणार कोण? यंत्रणा ज्याच्या ताब्यात आहे तो, आणि सोबत एक तज्ज्ञ. म्हणजे सही पुन्हा देखभालीच्या कंपनीकडे.

एक अपवाद उपयोगी पडतो. पोलीस ठाण्यांच्या आतल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात चित्रण १८ महिने आणि ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे. ‘उद्या या’ म्हणणारा हवालदार ठाण्याच्या आवारात बोलला की बाहेरच्या टपरीवर, हे त्यामुळे महत्त्वाचं ठरतं. शहाणा हवालदार टपरीवरच बोलेल.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा दाखवायचा असेल तर अडचण इथेच आहे, हे ओळखा: १०६४ वर तक्रार केली तरी सापळ्याआधी मागणीची पडताळणी व्हावी लागते, आणि वरच्या संवादात मागणीच नाही. सापळा फसणं हा चांगला मधला प्रसंग होतो. फिनॉल्फ्थॅलीन लावलेल्या नोटा, धुतल्यावर गुलाबी होणारं पाणी हा तपशील इतका वापरला गेलाय की पैसे यूपीआयवर ऑपरेटरच्या मेहुण्याच्या खात्यात गेले, एवढंच लिहिणं बरं.

टप्पा ७: शेवट आणि फेरतपासणी

सर्व्हर जाळू नका. प्रत्यक्षातल्या यंत्रणा कशा थांबल्या ते पाहा. शिकागोची यादी २०१९ मध्ये बंद झाली. तिच्यावरच्या २०१६ च्या मूल्यमापनात हिंसा कमी झाल्याचं दिसलं नव्हतं, मात्र यादीतल्या लोकांना गोळीबाराच्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण वाढलं होतं. लॉस एंजेलिसने एप्रिल २०२० मध्ये ‘प्रेडपोल’ थांबवलं आणि कारण दिलं पैशाच्या चणचणीचं. यंत्रणा बजेटच्या ओळीतून जाते, आणि दुसऱ्या नावाने दुसऱ्या ओळीत येते. ‘प्रेडपोल’ही पुढे नाव बदलून काही वर्षं चालू राहिलं. तुमच्या कथेत यंत्रणा बंद झाली तर तिची यादी कोणाकडे गेली ते सांगा: बँकेकडे, भाडेकरू तपासणाऱ्या ॲपकडे, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीकडे.

पहिला खर्डा झाल्यावर तो दोन वेळा निरनिराळ्या कामासाठी वाचा. एकदा फक्त तारखा काढून एका रांगेत मांडा: नाव आलं, नोटीस, अर्ज, सुनावणी, आदेश. ३० दिवसांची दोन घड्याळं एकमेकांना कुठे छेदतात ते दिसेल, आणि बहुधा एखादा प्रसंग आठवडाभर पुढे-मागे करावा लागेल. दुसऱ्यांदा फक्त पैसे: कोणी, कोणाला, कोणत्या रकान्यासाठी. ज्या प्रसंगात पैसे आहेत पण रकाना नाही, तो कापा. ज्यात रकाना बदलला पण पैसे नाहीत, तिथे थांबा. ऑपरेटरने कंटाळून, घाईत, जेवणाच्या सुट्टीआधी दोन पाटलांना एक करून टाकलं असेल तर तो प्रसंग ठेवा, आणि त्याच्यावर लाचेचा आरोप करणारं पात्र चुकलेलंच राहू द्या.